अग्रहारातले सीगल

म्हैसूरला समुद्र नाही, पण अग्रहारातल्या आमच्या शेजारच्या टेलरमामांकडे तो रोज सकाळी येतो. कुठल्याशा किनाऱ्यावर बसवलेल्या कॅमेऱ्याचं थेट चित्र त्यांच्या टीव्हीवर दिसतं, आणि मामा गळ्यात टेप घालून, स्टँडवर आपला कॅमेरा लावून, टीव्हीतल्या पक्ष्यांचे फोटो काढतात. तेवढा वेळ पंखा बंद, चपला बाहेर. पक्षी बिचकतात म्हणे!

पक्ष्यांची नावं त्यांना आठवत नाहीत, ते शिलाईवरून ओळखतात. कुणी फुल हाताचा, कुणी काळ्या कॉलरची. मी रत्नागिरीची. सीगल म्हणजे आमच्याकडे मासळीवरचे चोर, त्यामुळे मी हसू दाबतच बघायला जाते.

परवा एक सीगल अगदी समोर येऊन बसला. मामा कुजबुजले, "अय्यो, सुम्ने उभी रहा गं! डोळा बघ, बटनच लावलंय!" कानडीतलं त्यांचं 'सुम्ने' म्हणजे गप. मी गप राहिले, श्वाससुद्धा रोखला, आणि मला सणसणीत शिंक आली. नेमका त्याच क्षणी टीव्हीतला अख्खा थवा उडाला.

मामांनी वळून असं पाहिलं की माझे हात आपोआप जोडले गेले. "सॉरी हां," मी म्हटलं. मामांना नव्हे, टीव्हीला.

थोड्या वेळाने तो परत आला. "माफ केलं बघ तुला," म्हणत मामांनी फोटो काढला. सीगल झकास आलाय. टीव्हीच्या काचेत आम्हीही आलोय: मामा कॅमेऱ्यावर वाकलेले, मी नाक दाबून, आणि दोघंही कमरेपर्यंत समुद्रात.