ऐकून मंजूर

आमच्या मराठी मंडळाच्या वेबसाइटचं काम माझ्याकडे आलं, कारण कॉम्प्युटर जमणारं दुसरं कुणी नव्हतं. माझी शाळा इंग्रजी, रस्त्यावर हिंदी, आणि मराठी फक्त घरात, तीही जेवणाच्या ताटापुरती. लिहायला लागल्यावर मात्र मला ती आवडायला लागली. लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नाही.

वेबसाइटवर लेख चढवायची एक पद्धत होती. मी मसुदा टाकायचा, मंडळाच्या सचिव काकांनी तो वाचून ‘मंजूर’चं बटण दाबायचं, मगच तो लोकांना दिसायचा. काका इथल्या फॅक्टरीच्या ड्रॉइंग ऑफिसातून रिटायर झालेले. तिथे सही झाल्याशिवाय आराखडा कामगारांकडे जात नसे, त्यामुळे मंजुरी म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. फक्त स्क्रीनवर वाचायला त्यांना आवडायचं नाही.

“तू वाच, मी ऐकतो,” ते म्हणाले.

म्हणून रविवारी दुपारी मी रांझीतल्या घरून स्कूटीवर त्यांच्याकडे चेरीतालला जायची. काकू चहा ठेवायच्या. काका डोळे मिटून बसायचे आणि मी लॅपटॉपवरून वाचायची. पहिल्यांदा माझा आवाज मलाच ऐकू येईना. काका म्हणाले, “अगं, भिंतीला काहून सांगून राहिली? मी इकडे बसलो आहे.” काकू आतून हसल्या, मीही हसले.

हळूहळू मला कळलं की ते फार कमी बोलतात. कुठे पटलं नाही तर डोळे उघडायचे, बस. मी तिथे थांबायची आणि वाक्य बदलायची. सिस्टममध्ये प्रत्येक बदलाची जुनी प्रत राहते. त्या प्रती आजही उघडल्या तर काकांचे डोळे कुठे कुठे उघडले ते मला सांगता येतं. हळदीकुंकवाचं वृत्त असो की नाट्यवाचनाची सूचना, इतकं लक्ष देऊन माझं कुणी ऐकलं नव्हतं.

मागच्या वर्षी काका-काकू मुलीकडे पुण्याला गेले, कायमचे. सचिवपद मात्र त्यांच्याकडेच राहिलं. जावयांनी त्यांच्या मोबाइलवर सगळं बसवून दिलं. आता मी मसुदा टाकला की चहा होण्याच्या आत मंजुरी यायची. मंडळात सगळे खूश. मला तो रविवार कुठे ठेवावा कळेना. स्कूटी घेऊन मी उगाच बाजारातल्या कमानिया गेटपर्यंत जायची आणि काहीही न घेता परत यायची.

मग मंडळाच्या विशेष पानासाठी मी बाबांवर लिहायला घेतलं. बाबा जाऊन तीन वर्षं झाली. ते फॅक्टरीत फिटर होते. लेख बराच झाला, पण एका ठिकाणी अडला. ‘बाबा पहिल्या पाळीहून आले की दारातच’ एवढं लिहिलं, आणि पुढे हात चालेना. तसाच मसुदा पाठवला. मनात होतं की काका इथे थांबतील, फोन करतील.

थोड्या वेळात मंजुरी आली. लेख वेबसाइटवर दिसायला लागला, अर्ध्या वाक्यासकट.

मी लगेच तो खाली उतरवला आणि परत मसुद्यात टाकला. मग बराच वेळ फोन हातात धरून बसले. मला फोन करायला जमत नाही, पण केला.

काकांना वाटलं, मंडळात काही झालं. मी सांगितलं की मंजुरी मी रद्द केली.

“काहून? ठीकच तर असेल. तू लिहिलं ना, बेटा.”

“काका, तुम्ही वाचलं नाही.”

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला. मोबाइलवर अक्षरं फार बारीक दिसतात, ते म्हणाले, आणि घरात सगळे कामात असतात, कुणाला सांगणार. मग म्हणाले, “चलो, वाच.”

मी वाचलं. ‘दारातच’पाशी आले आणि थांबले.

“पुढे?”

“पुढे लिहिलंच नाही.”

“अन् हे मी मंजूर केलं?” ते स्वतःशीच हसले. मग हळू विचारलं, “दारात काय करायचे बाबा?”

मी सांगितलं. हात ग्रीसने काळे असायचे, म्हणून ते दोन्ही हात वर धरून उभे राहायचे, कशाला लागू नये म्हणून. आणि मी त्यांच्या कोपराला लोंबकळायची. आई ओरडायची, तरी ते हात खाली करायचे नाहीत, मी पडेन म्हणून. मराठीत मी इतकं सलग कधी बोलले नव्हते.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“हे लिही,” काका म्हणाले. “मग परत वाचून दाखव. तोवर मंजूर नाही.”

विशेष पान त्या लेखाशिवाय निघालं. वाक्य मी फोन झाला त्याच संध्याकाळी पूर्ण केलं होतं. काका फोनवर विचारतात, झालं का. मी म्हणते, थोडं राहिलंय, आणि आधीचा भाग पुन्हा वाचून दाखवते.