बॉबिनचा उजवा पाय

वाद्यांच्या दुकानदाराने तिन्ही पेडलं काचेच्या टेबलावर ओळीने मांडली आणि पहिलं अंगठ्याने दाबून दाखवलं.

"खाली ठेवा," बॉबिन म्हणाली.

"काय काकू?"

"पायाने दाबायची वस्तू आहे ना? मग फरशीवर ठेवा. तुमच्या अंगठ्याने मला काय कळणार?"

दुकानदार पन्नाशीचा होता, उजव्या हाताची नखं वाढवलेला, गिटार वाजवणारा. असं त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्याने पेडलं उचलली आणि फरशीवर मांडली. बॉबिनने चप्पल काढून बाजूला ठेवली.

"घरी निघताना घालायला विसरू नकोस," तिच्यामागून फिटर म्हणाला. फिटर म्हणजे तिचा नवरा. कामावरून निवृत्त होऊन त्याला सहा वर्षं झाली होती, तरी सगळे त्याला फिटरच म्हणत. बॉबिनलाही तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता फक्त पेन्शनचं ऑफिस उरलं होतं.

शर्टांच्या कारखान्यात तिने चौतीस वर्षं कॉलर शिवल्या. मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळासारखी बुटकी, गोल आणि सदानकदा फिरती, म्हणून पहिल्याच आठवड्यात हे नाव पडलं. तिथेच तिघींचं गाणं जमलं. काजं पाडणारीचा आवाज वरचा, इस्त्रीवालीचा मधला आणि बॉबिनचा खालचा. जेवणाच्या सुट्टीतलं हे गाणं पुढे कामगार वाचनालयाच्या हॉलपर्यंत पोचलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळचा अर्धा तास तिघींचा. बावीस वर्षं त्यात खंड पडला नाही. यंदा काजवाली लेकीकडे दुसऱ्या गावी राहायला गेली. इस्त्रीवालीने तीस वर्षं वाफेत काढली होती, तिच्या छातीला आता दोन ओळींपुढे दम पुरेना. उरली बॉबिन.

वाचनालयाचा सेक्रेटरी तोंडावर बोलणारा माणूस. "बाई, नुसत्या खालच्या आवाजाला कोण बसणार? तो म्हणजे भिंतीच्या आतल्या विटा. की-बोर्डवाला तयार आहे, त्याला देतो वेळ."

"पुढच्या महिन्याचा रविवार मला द्या," बॉबिन म्हणाली. "जमलं नाही तर त्याला बोलवा. मी स्वतः त्याच्या कार्यक्रमाच्या खुर्च्या मांडीन."

मध्ये एकोणीस दिवस होते.

पेडलची गोष्ट तिला बाजारात कळली होती. एक जण एकटा उभा राहून चौघांचं वाजवत होता. ती त्याची सगळी गाणी संपेपर्यंत थांबली आणि मग त्याला विचारलं. त्याने पायाखालची डबी दाखवली. एकदा दाबलं की तुम्ही गाता ते ती टिपते. परत दाबलं की तेच गोल गोल वाजत राहतं. त्यावर आणखी गायचं, त्याचाही थर चढतो. म्हणजे खालचा आवाज मी, मधला मी आणि वरचाही मीच, असा हिशेब बॉबिनने घरी पोचेपर्यंत मांडला होता. काजवालीची वरची पट्टी तिला जमणारी नव्हती, म्हणून सहाही गाणी तिने दोन सुरांनी खाली उतरवून घेतली.

दुकानातल्या तीन पेडलांपैकी मोठ्याला आठ बटणं आणि रांगेने दिवे होते. फिटर म्हणाला, "हे विमान कोण चालवणार?" ते बाद झालं. मधल्याला दोन बटणं होती. बॉबिन म्हणाली, "दोन बटणं म्हणजे दोनदा चुकायची सोय." तिसरं साबणाच्या वडीएवढं, एकाच बटणाचं. माईकसाठी त्याला वेगळी डबी जोडावी लागत होती, पण बरेच कलाकार हेच नेतात, असं दुकानदाराने सांगितलं. एकदा दाबलं की टिपणार, पुन्हा दाबलं की वाजणार, पुन्हा दाबलं की थर चढणार. पटपट दोनदा दाबलं की बंद. दाबून धरलं की सगळं पुसलं जाणार.

"एकच बटण. चुकायचं कुठे?" बॉबिन म्हणाली आणि ते घेतलं. खोका नीट राहिला तर आठ दिवसांत बदलून मिळणार होतं.

चुकायला पहिल्याच संध्याकाळी जागा सापडली. खालचा आवाज गाऊन झाला, तिने पेडल दाबलं, तो वाजू लागला. मधला गायला पुन्हा दाबलं, आणि दोन शब्द होतात न होतात तोच खोलीत चिडीचूप. सगळं गेलं. पुन्हा केलं, पुन्हा गेलं. फिटरने वायरी तपासल्या. वायरी ठीक होत्या. दुसऱ्या दिवशी तिने बत्तीस वेळा करून पाहिलं आणि सव्वीस वेळा पुसलं गेलं. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे तिने पेन्सिलीने रेघा मारून ठेवल्या होत्या, म्हणून आकडा पक्का होता.

तिसऱ्या दिवशी, वायर नाही तर पायाचाच घोळ असणार असं धरून, फिटरने मागे बिजागरी लावून फळीची एक तरफ बनवली. मधोमध पाय मारला की पुढचं टोक बटणावर टक करून परत वर यायचं. चांगलं काम होतं, स्प्रिंगसुद्धा बसवली होती. पण त्या टकटकीचा आवाज माईकमधून गाण्यात शिरायचा.

"सुतार गातोय असं वाटतंय," बॉबिन म्हणाली.

"मग तूच सुधार आपला पाय."

"काय बिघडलंय माझ्या पायाला?"

"ते मला कसं कळणार? मी मशीनचा फिटर, बायकोचा नाही."

पाचव्या दिवशी ती खोका आणि फिटरला घेऊन दुकानात गेली. पेडल खराब आहे, असं तिचं ठाम मत होतं. दुकानदाराने वाद घातला नाही. त्याने पेडल जोडलं, या खेपेला न सांगता फरशीवर ठेवलं आणि स्वतः उकिडवा बसून तिच्या पायाकडे पाहू लागला. तिने दोन ओळी गायल्या, दाबलं, पुन्हा दाबलं, आणि सगळं गेलं.

"काकू, तुम्ही पाय उचलतच नाही."

"म्हणजे?"

"दाबून तसाच ठेवता. गाणं सुरू असेपर्यंत."

बॉबिनने खाली पाहिलं. उजवा पाय पेडलवर घट्ट बसलेला होता, टाच जमिनीला, बोटं पुढे. चौतीस वर्षं तो तसाच बसलेला होता. मशीनला तसंच असतं. पाय दाबलेला असेतोवर सुई चालणार.

"पाय उचलला की मशीन थांबायची," ती हळूच म्हणाली. "आणि मशीन थांबली की सुपरवायझर यायचा."

फिटर हसला, पण मोठ्याने नाही. चौदा दिवसांत हा पाय बदलता येणार नाही, हे त्यालाही दिसत होतं आणि तिलाही. बदलायचं ते पेडलच.

दुकानदाराने पुन्हा दोन बटणांचं खाली ठेवलं. डावं बटण टिपण्याचं आणि थर चढवण्याचं. ते दाबल्याक्षणी काम करतं. मग पाय उचला नाहीतर त्याच्यावर दुपारची झोप काढा, त्याला देणंघेणं नाही. उजवं बटण थांबवण्याचं, आणि तेच धरून ठेवलं तर पुसण्याचं. माईकची वायर यात थेट लागत होती.

"हे पहिल्यांदाच का नाही दिलंत?" फिटरने विचारलं.

"काका, काकूच म्हणाल्या की दोनदा चुकायची सोय."

"माझं ऐकायला तुम्हाला कुणी सांगितलं?" बॉबिन म्हणाली.

पण नुसतं सांगण्यावर ती घेणार नव्हती. मान वर, नजर समोरच्या भिंतीवर ठेवून तिने चाळीस वेळा डावं बटण दाबलं आणि फिटरने मोजलं. दोनदा पाय उजव्यावर गेला. तिने डाव्या बटणाला काळी चिकटपट्टी मागितली, तळव्याला खरखर लागेल अशी. पुन्हा चाळीस. एकदाही चूक नाही. मग फिटरने पेडलला बुटाच्या टोकाने ढोसून पाहिलं. जड होतं, सरकलं नाही. मागे दोन गिऱ्हाईकं ताटकळत उभी होती. त्यांच्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतर रोज दोन वेळा सराव. सकाळी तीन गाणी, संध्याकाळी तीन. खालचा थर अचूक बसला नाही तर वरचे दोन त्याच्यावर तिरके चढतात, म्हणून पहिले चार दिवस तिने खालच्या आवाजापलीकडे काही गायलंच नाही. फिटर वैतागला. "आता पुढची मजल चढवशील का?" ती म्हणाली, "पाया वाळू दे."

रविवारी हॉलमध्ये साठेक माणसं होती. इस्त्रीवाली पहिल्या रांगेत, फिटर तिच्या शेजारी. सेक्रेटरी दाराशी घड्याळ बघत उभा. बॉबिनने स्टेजवर चप्पल काढली तेव्हा मागे कुणीतरी खुदकन हसलं. मग तिचा खालचा आवाज सुरू झाला आणि फिरू लागला. त्यावर मधला चढला. तिने तिसऱ्यांदा तोंड उघडून वरचा सूर लावला तेव्हा मागचा हसणाराही पुढे झुकून बसला. बावीस वर्षांत तो आवाज एकटा कुणी ऐकलाच नव्हता. आता तिन्ही मजल्यांवर तीच होती.

तीन गाणी अशी झाली. चौथ्या गाण्याला घोटाळा झाला. तिसऱ्यापासून दाबून धरलेला खोकला फिटरला आवरला नाही. मधला थर टिपला जात होता, त्यातच तो गेला. बारा सेकंदांनी हॉलभर फिटर खोकला. आणखी बारा सेकंदांनी पुन्हा. लोक हसू लागले. फिटर रुमालात तोंड खुपसून बसला. आता तो खोकत नव्हता, तरी खोकत होता.

सेक्रेटरीने दारातून हाताने खूण केली, चालू द्या. लोकांना मजा वाटत होती. तसंच पुढे गेलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. बॉबिनने तिसरा खोकला ऐकला आणि उजव्या बटणावर पाय ठेवला.

"हा खोकला मी घरी रोज ऐकते," ती माईकमध्ये म्हणाली. "तुम्हाला कशाला त्रास? वाकडी कॉलर मी कधी पुढच्या टेबलावर पाठवली नाही. उसवते आणि पहिल्यापासून शिवते. दोन मिनिटं जातील."

तिने सगळं पुसलं आणि खालच्या आवाजापासून पुन्हा सुरू केलं. साठ माणसं श्वास धरून बसली, चुकून आपला आवाज त्यात जाऊ नये म्हणून. त्यापायी सहावं गाणं राहिलं. पाच झाली, पण पाचही सरळ.

खुर्च्या गोळा होत असताना सेक्रेटरी आला. "पुढच्या महिन्याचं फळ्यावर लिहितो," एवढंच बोलला आणि गेला. त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

इस्त्रीवाली जागची उठली नव्हती. "तिसऱ्या गाण्यात मधला सूर चढला होता गं."

"ऐकू आलं?"

"बावीस वर्षं तो मी गायलेय. मला नाही तर कुणाला येणार?"

"मग तेव्हाच सांगायचं. तोही उसवला असता."

"सांगू कसं? मीही खोकू?"

बॉबिनने पेडलची वायर कोपरापासून पंज्यापर्यंत गुंडाळली, वेढ्यावर वेढा, गाठ न पडू देता. "मंगळवारी घरी ये. गाऊ नकोस, नुसती बसून ऐक. चढला की हात वर कर."

"आणि चहा?"

"तो खोकणारा करेल," बॉबिन म्हणाली. फिटरने रुमाल खिशात टाकला, पेडल उचललं आणि ते अजून टिपत असेल या धाकाने, खाली ठेवेपर्यंत तोंडातून चकार शब्द काढला नाही.