थोरले नापास करतात

विद्यापीठाच्या संशोधन हॉलमध्ये त्यांना सगळे थोरले म्हणत. वयाने ते थोरले होतेच, पण नाव पडलं ते वेगळ्या कारणाने. पीएच.डी. करणारी माणसं हॉलमध्ये यायची, काही वर्षं डोकं खपवायची आणि डॉक्टर होऊन निघून जायची. थोरले मात्र खिडकीजवळच्या टेबलाशी तसेच. त्यांचे पहिले गाइड निवृत्त होऊन एवढा काळ लोटला होता की त्या गाइडांचा नातूही याच हॉलमध्ये संशोधनाला आला, थोरल्यांकडून प्रस्तावना दुरुस्त करून घेतली आणि डॉक्टर होऊन गेला. दुसरे गाइड परदेशी गेले. तिसऱ्यांनी नोकरी सोडून रोपवाटिका काढली. त्याला थोरलेच कारण, असं काही लोक म्हणतात, पण हा निव्वळ अन्याय आहे. त्यांना आधीपासूनच झाडांची आवड होती.

चौथ्या गाइडबाई थोरल्यांच्याच हाताखालून गेलेल्या. केबिनमध्ये थोरले त्यांना "मॅडम, आपण" म्हणत आणि बाहेर चहाच्या मशीनपाशी "अगं, जेवलीस का?" असं विचारत. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

थोरल्यांचा विषय होता, सार्वजनिक बाकांवर अनोळखी माणसं एकमेकांपासून किती अंतर ठेवून बसतात. विषय घेतला तेव्हा गावभर बाक होते. थोरले टेप घेऊन हिंडायचे, मोजायचे, लिहायचे. पुढे नगरपालिकेने बाक काढले आणि एकेकट्या खुर्च्या जमिनीला ठोकून टाकल्या. झालं, विषयच उठून गेला. दुसरा कोणी असता तर डोक्याला हात लावून बसला असता. थोरल्यांनी अर्ज करून प्रबंध समाजशास्त्रातून इतिहासात हलवला आणि आता निदान आकडे बदलायची भीती नाही म्हणून निश्चिंत झाले.

प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. ते नेहमीच राहिलेलं असायचं. ते लिहायला बसलं की कोणीतरी रडत यायचं. कोणाचा गाइड फोन उचलत नाही, कोणाचे वडील आजारी, कोणाचं लग्न ठरलंय आणि सासरचे विचारतात की हे शिक्षण कधी संपतं. थोरले पेन बंद करायचे आणि टेबलासमोरची रिकामी खुर्ची पुढे सरकवायचे. "रोज एक पान लिही. चांगलं नको. नुसतं पान." हा त्यांचा एकमेव मंत्र. त्याच्यावर किती माणसं डॉक्टर झाली, देव जाणे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं त्यांची बायको म्हणायची, आणि तिला म्हणायचा हक्क होता. ती घरी पडदे शिवायची आणि घर त्या पडद्यांवर चालायचं. लग्न ठरलं तेव्हा प्रबंध येत्या उन्हाळ्यात होणार होता.

पण थोरल्यांची खरी ख्याती होती ती तालमीची. कोणाची व्हायव्हा, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, जवळ आली की आधी थोरल्यांपुढे तालीम द्यायची. एरवी मऊ असलेला हा माणूस तालमीला बसला की ओळखू यायचा नाही. कोट घालायचा, चष्मा नाकावर ओढायचा, आणि उमेदवाराने घशाला कोरड पडेपर्यंत सगळं सांगून झालं की शांतपणे विचारायचा, "बरं, मग?"

एवढंच. उमेदवार पुन्हा सांगायचा. पुन्हा "बरं, मग?" शेवटी त्याची बोबडी वळायची, आणि थोरले फाइल मिटून म्हणायचे, "नापास. तयारी करून पुन्हा या." मग सगळ्यांनी उभं राहायचं, "हो सर" म्हणायचं आणि बाहेर जाऊन हवं तेवढं रडायचं. तालमीत कधी कोणी पास झालं नाही आणि खऱ्या परीक्षेत कधी कोणी नापास झालं नाही. त्यामुळे थोरल्यांकडे नापास होणं हा हॉलमध्ये शुभशकुन ठरला. एका हुशार मुलाला उत्तर चांगलं आलं तेव्हा तोच घाबरला आणि स्वतःहून चुकीचं बोलायला लागला.

असं सगळं सुखात चाललेलं असताना विद्यापीठाने फर्मान काढलं. जुन्या विद्यार्थ्यांची व्हायव्हा या सत्रात व्हायला हवी. नाही झाली, किंवा त्यात ते नापास झाले, तर नाव कायमचं कमी. पुन्हा प्रवेश नाही. गाइडबाईंनी ते थोरल्यांना केबिनमध्ये वाचून दाखवलं. थोरले म्हणाले, "मॅडम, आपण काळजी करू नका." मग बाहेर मशीनपाशी येऊन म्हणाले, "अगं, माझे हातपाय गळालेत."

हॉलने मनावर घेतलं. पाळ्या लागल्या. थोरल्यांच्या शेजारी सतत एक विद्यार्थी बसणार आणि रोजचं पान लिहून घेणार. आणि काय सांगावं, आयुष्यभर ज्या सबबी त्यांनी ऐकल्या होत्या, त्या सगळ्या त्यांच्याच तोंडून बाहेर पडायला लागल्या. आज पोट दुखतंय. लॅपटॉप चालू होत नाही. काका वारले.

"थोरले, तुमचे काका मागच्या आठवड्यात वारले," पाळीवरच्या नर्सबाई म्हणाल्या.

"ते दुसरे."

"दुसरेही वारलेत. लिहा."

या नर्सबाई हॉलमध्ये नव्या होत्या, पण वयाने थोरल्यांच्या बरोबरीच्या. अर्धं आयुष्य इस्पितळात काढून, मुलं मार्गी लावून मग संशोधनाला आलेल्या. त्यांची तालीम अजून व्हायची होती, त्यामुळे थोरल्यांचा तो कोटातला अवतार त्यांनी पाहिलाच नव्हता. त्यांना हा एक गोड, कामचुकार पेशंट वाटायचा, आणि अशांना औषध कसं पाजायचं हे त्यांना पाठ होतं. त्यांच्या पाळीत पानं लिहून व्हायची. शेवटचं प्रकरण संपलं. प्रबंध बांधून आला तेव्हा थोरल्यांनी तो उचलून पाहिला आणि म्हणाले, एवढा जड असेल असं वाटलं नव्हतं.

आता तालीम. तिथे घोडं अडलं. थोरल्यांची तालीम घेणार कोण? गाइडबाईंना विचारलं तर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. थोरल्यांना "बरं, मग?" विचारायचं म्हणजे वडिलांना त्यांचं वय विचारण्यासारखं. बाकी सगळे नापास व्हायला शिकले होते. नापास करायला कोणाला येत होतं? पण तालीम झाल्याशिवाय जायचं म्हणजे अपशकुन. शेवटी थोरल्यांनीच तोड काढली. समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या. कोट घालून एकीत बसले, कोट काढून दुसरीत. सगळा हॉल भिंतीला टेकून पाहत होता. कोट काढून थोरल्यांनी आपलं संशोधन सांगितलं. कोट घालून विचारलं, "बरं, मग?" कोट काढला आणि गप्प बसले. पुन्हा कोट घालून थांबले, वाट पाहिली, आणि स्वतःला नापास केलं.

हॉलने टाळ्या वाजवल्या. शुभशकुन झाला, आता काळजी नाही. बिस्किटं वाटली.

थोरले मात्र घरी आले ते पाय ओढत. बायको एका मोठ्या पडद्याची झालर दुमडत होती. ते तिच्यासमोर बसले आणि म्हणाले की ते नाटक नव्हतं. त्यांना खरोखर उत्तर आलं नव्हतं. जगाला एक प्रश्न विचारून रडवलं, रडत रडत का होईना जगाने त्याचं उत्तर शोधलं, आणि आपल्याकडे ते नाही. बायकोने टाचण्या तोंडातून काढल्या. ती चेष्टा करणार होती, पण त्यांचा चेहरा पाहून तिने बेत बदलला. ती म्हणाली, उद्या मीही येते. या माणसाचं आयुष्य एका प्रश्नावर टांगलेलं आहे हे तिला कळलं, आणि त्याच्याइतकीच तीही घाबरली.

व्हायव्हाच्या खोलीत सगळा हॉल गच्च जमला होता. बाहेरचे परीक्षक म्हणजे दुसऱ्या विद्यापीठातले एक मोठे विद्वान, समित्यांचे अध्यक्ष वगैरे. पण एके काळी तेही याच हॉलमध्ये होते आणि त्यांना तेव्हा रड्या म्हणत, कारण तालमीनंतर ते जिन्यात बसून इतके रडले होते की झाडूवाल्याने त्यांना वळसा घालून जिना झाडला. उमेदवाराच्या खुर्चीत थोरले दिसताच ते उठून उभे राहिले. गाइडबाईंनी कोट ओढून परीक्षकांना खाली बसवलं.

थोरल्यांनी संशोधन सांगितलं, चांगलं सांगितलं. मग परीक्षकांनी प्रश्न विचारला, पण इतक्या अदबीने की तो प्रश्न आहे की क्षमायाचना, कळेना.

"असं नाही," थोरले हळूच म्हणाले. "आधी श्वास घे. एकच प्रश्न विचार आणि विचारून गप्प राहा."

परीक्षकांनी श्वास घेतला. आणि त्यांना येत असलेला एकच प्रश्न विचारला. "बरं, मग?"

थोरल्यांनी पाठ ताठ केली, उभे राहिले, चष्मा नाकावर ओढला, आणि त्या दुसऱ्या, कोटातल्या आवाजात म्हणाले, "उत्तर येत नाही. नापास. तयारी करून पुन्हा या." आणि समोरची फाइल मिटली.

यात त्यांचा काही कावा नव्हता. त्या प्रश्नानंतर उत्तर आलं नाही की तोंडातून तेच निघायचं, एवढंच. पण समोर बसलेल्यांना तरी अक्कल हवी होती की नाही? गाइडबाईंचे डोळे भरून आले आणि त्या उठून उभ्या राहिल्या. अर्धा हॉल उठला. परीक्षक म्हणाले, "हो सर." त्यांनी पेन उघडलं आणि निकालाच्या जागी 'ना' लिहिलं. एवढी शिकलेली माणसं, आणि उमेदवार कोण, परीक्षक कोण, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. थोरल्यांनी सगळ्यांना त्या आवाजापुढे मान तुकवायला शिकवलं होतं; तो आवाज चुकू शकतो हे सांगायचं राहून गेलं होतं. मागच्या रांगेत बायकोने पिशवी घट्ट धरली. विद्यापीठाचे नियम तिला ठाऊक नव्हते, पण काहीतरी भयंकर घडतंय हे तिला दिसत होतं.

"थांबा. खाली बसा."

नर्सबाईंचा आवाज इस्पितळाचा होता. सगळे बसले, परीक्षकसुद्धा.

"थोरले, तुम्हीही बसा. आज तपासायचं तुम्हाला आहे, तुम्ही कोणाला तपासायचं नाही." मग त्या परीक्षकांकडे वळून म्हणाल्या की श्रोत्यांना प्रश्न विचारायची मुभा असते, आणि परीक्षकांचा होकार यायच्या आधी विचारूनही मोकळ्या झाल्या. "इतकी वर्षं तुम्ही बाकावरच्या लोकांमधलं अंतर मोजलंत. तेव्हा तुम्ही कुठे बसायचा?"

थोरले गोंधळले. हा प्रश्न तालमीत नव्हता. "मी? मी बसत नव्हतो. उभा असायचो."

"का?"

"मी बसलो तर एक जागा अडते ना. मग लोकं कुठे बसली असती ते नीट कळत नाही."

"आणि बाक रिकामा असला तर?"

"तरी उभाच. कोणी आलं तर असावी जागा."

मुलांनी थोरल्यांच्या टेबलासमोरच्या रिकाम्या खुर्चीत बसून आयुष्यं मार्गी लावली होती. ती कोणासाठी रिकामी ठेवलेली असते हा विचार एकानेही केला नव्हता. परीक्षकांनी या वेळी कोणी न शिकवता विचारलं, "बरं, मग?"

"मग काय रे," थोरले म्हणाले. "पाय दुखतात."

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. थोरले आपण काय बोललो ते ऐकल्यासारखे दचकून सगळ्यांकडे पाहत होते. गाइडबाईंनी विचारलं, हे प्रबंधात कुठे आहे? थोरले म्हणाले, कुठेच नाही. तर मग लिहा, गाइडबाई म्हणाल्या, मोजणारा माणूस उभा का होता यावर एक पान लिहा, तेवढ्या अटीवर मी सही करते. परीक्षकांनी 'ना' खोडलं, शेजारी 'पास' लिहिलं, आणि कोणाला शंका नको म्हणून ते पुन्हा एकदा नीट लिहिलं.

मग जो गोंधळ व्हायचा तो झाला. हस्तांदोलनं, फोटो, परीक्षकांचं रडणं. नियमाप्रमाणे डॉक्टर झालेल्याचं हॉलमधलं टेबल त्याच दिवशी दुसऱ्याला जातं, हे बोलायची कोणाला छाती झाली नाही. हळूहळू गर्दी पांगली. थोरले उमेदवाराच्या खुर्चीतून उठलेच नव्हते. बायको येऊन शेजारच्या खुर्चीत बसली.

थोड्या वेळाने गाइडबाई दारातून डोकावल्या. पुढच्या परीक्षेसाठी खोली हवी होती, उमेदवार बाहेर ताटकळत उभा होता. थोरले सवयीने खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागले.

बायकोने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "त्यांना दुसरी खोली बघायला सांगा," ती गाइडबाईंना म्हणाली. "हे आत्ताच बसलेत."