मुंग्या न शिवलेली जंबो बॅग

गेल्या आठवड्यात टेम्पोतून आलं ते असं... जंबो बॅगा दोन, जुन्या, जोडी साडेतीनशेला. सुतळीचा गुंडा साठ. हमाली तीस.

कारखान्यात क्रेननं उचलतात ना, चार कानांच्या, खांद्याला लागतील एवढ्या उंच, त्या बॅगा. आधी त्यात काय होतं ते भंगारवाल्यालाही माहीत नव्हतं. लेबल कुणीतरी ब्लेडनं खरवडलेलं.

दोन्ही धुऊन उन्हात वाळवल्या. एक देगलूरला माझ्या नणंदेकडे, मंगल वन्संकडे पाठवली. दुसरीत मठातल्या दासोहाच्या जेवणासाठी गल्लीतल्या बायकांनी गोळा केलेली ज्वारी भरली आणि पडवीत ठेवली.

मी रोज पूजा झाली की मुंग्यांना साखर-पीठ घालते. भिंतीच्या कडेनं त्यांची रांग असते. बॅग आल्यापासून ती रांग हातभर अलीकडेच वळायची, अंगणातून लांबचा फेरा घ्यायची आणि पलीकडे पुन्हा भिंतीला लागायची... खाली सांडलेल्या ज्वारीला एक मुंगी शिवली नाही. चिमणीसुद्धा नाही.

हे म्हणाले, "तुझ्या मुंग्या लई भक्त दिसतेत. देवाचं खाईनात!"

सासूबाईंनी मात्र हात जोडले. मी बॅगेवर विभूतीची तीन बोटं ओढली. खरं सांगते, मला ती महादेवाचीच लीला वाटली.

परवा मंगल वन्संचा फोन आला. "वहिनी, बॅग लई भारी हाय बघा! ज्वारीला एक किडा न्हाई. रोज त्यातलीच काढून दळायलाव."

बरं वाटायला हवं होतं. पण फोन ठेवला आणि पडवी फारच गप्प वाटली...

आज सकाळी मठाचा टेम्पो यायचा होता, म्हणून बॅगेच्या बुडाचं तोंड सोडलं. नाडीच्या घडीत पांढरी भुकटी, धुऊनही राहिलेली. आणि त्या भुकटीत मुंग्या... वाळलेल्या, मोठ्या, काळ्या. आमच्याकडच्या बारीक, लाल. ह्या आमच्या नव्हत्याच. कुठल्या गावाहून मरून आल्या होत्या, कोण जाणे.

टेम्पो रिकामाच परत पाठवला. "देवाचं धान्य अडवलीस गं," म्हणून सासूबाई अजून बोलायल्यात. बॅगेवरची विभूती मी पुसून टाकली.

मुंग्यांना मूठभर जास्त पीठ घातलं. त्या आठवडाभर सांगत होत्या...

सकाळपासून मंगल वन्संना फोन लावतेय, नुसता वाजतोय, कुणी उचलत नाही. हे निघालेत, पण पोचेपर्यंत जेवणवेळ होऊन जाईल.

देगलूरचं कुणी हे वाचत असेल, तर मोंढ्यामागच्या गल्लीत मंगल वन्संच्या दारी जा. त्या बॅगेतल्या ज्वारीची भाकरी खाऊ नका, जनावरांनाही घालू नका, एवढं सांगा.

आणि त्यांनी दार उघडलं का... तेवढं मला लगेच कळवा.