रविवारी गॅस भगवंतरावांचा

अकोल्यात आमच्या समोर राहणारे भगवंतराव एसटीतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले, त्याच आठवड्यात त्यांच्या पत्नीने, मायाताईंनी, जाहीर केलं, "तुमाले पेन्शन, अन् मले मरेस्तोवर ड्यूटी? आजपासून रविवारी मी गॅसले हात नाही लावत."

भगवंतराव ईर्ष्येला पेटले. महिनाभर घरच्यांनी रविवारी सकाळी कधी करपलेलं, कधी कच्चं आणि अधूनमधून एकाच वेळी दोन्ही असलेलं खाल्लं. मग बँकेत नोकरीला असलेल्या त्यांच्या लेकीने, अपेक्षाने, मोबाइलवर पॅनकेक दाखवले आणि भगवंतरावांना जीवनकार्य सापडलं.

कणीक, दूध, कुस्करलेलं केळं, चिमूटभर सोडा. वरून गुळाचा पाक. चवीला बोलावलेल्यांपैकी कुणी "धिरडं मस्त झालं" म्हटलं, की ते ताटलीच ओढून घेत. "धिरडं चपटं असते. हे फुगते." वर आलेले बुडबुडे फुटेपर्यंत पॅनकेक उलटायचा नाही, हा नियम ते सांगत तेव्हा त्यांचा चेहरा ब्रेक तपासतानाही होत नसेल इतका गंभीर होई.

मागच्या हिवाळ्यात अपेक्षाला बघायला अमरावतीहून पाहुणे यायचे ठरले, तेही रविवारी सकाळी. मुलाशी, नितेशशी, ती फोनवर बोलली होती आणि तिला तो आवडलाही होता. मायाताईंनी पोहे भिजवायला काढले, तर भगवंतराव ओट्यापुढे आडवे उभे राहिले.

"रविवारी गॅस माहा. तूच ठरवलं."

"बरं बापा, करा तुमचे ते. पण पाहुण्यांसमोर सांगायचं, पोरीनं केले. तुमी तोंड उघडलं तर याद राखा."

"नाही उघडत," भगवंतराव म्हणाले. सोडा मोजण्याच्या नादात आपण काय कबूल केलं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

आपल्याकडे मुलगी बघायला कुणी आलं, की समोर येणारा प्रत्येक पदार्थ मुलीनेच केलेला असतो. आत आई घामाने निथळत असते, पाहुण्यांनाही ते ठाऊक असतं. आजवर यात कुणाचं काही बिघडलं नाही, कारण आया गप्प बसतात.

नितेश, त्याची आई आणि तेल्हाऱ्याचे मामा वामनराव आले. शेजारी म्हणून मीही होतो. अपेक्षाने ताटल्या आणल्या. नितेशच्या आईने घास घेतला.

"अगं माय, किती हलकं! तूच केलं?"

अपेक्षाने जेमतेम मान हलवली. भगवंतराव भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

"पोरीच्या हाताले चव हाय," नितेशची आई म्हणाली. भगवंतरावांनी स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून धरले. मायाताई त्यांच्यावरून नजर काढत नव्हत्या.

इतपत त्यांनी सोसलं. पण वामनरावांनी पॅनकेक बोटाने दाबून पाहिला. "छान हाय. मधात जरा कच्चं राहिलं. पोरगी नवीन हाय, शिकन हळूहळू."

"कच्चं?" भगवंतराव उभेच राहिले. "मामासाहेब, बुडबुडे फुटल्याशिवाय मी उलटतच नाही!"

खोलीत कुणी चावेनासं झालं. मायाताईंनी कपाळाला हात लावला. भगवंतराव आधी लाल झाले, मग पांढरे. लेकीचं जमत आलेलं आपणच मोडलं, हे त्यांना उभ्या उभ्या कळलं.

"बाबांनी केले," अपेक्षा म्हणाली. "मले वरण-भात येते, तोही कुकरच्या भरवशावर." मग तिने नितेशकडे पाहिलं. "तुमाले काय येते?"

"चहा," नितेश म्हणाला.

"खोटं," त्याची आई म्हणाली. "परवाच सगळा उतू घालवला."

वामनरावांनी ताटली खाली ठेवली. "म्हणजे हे लोक आपल्याले फसवून राहिले!"

"तुमी गप बसा, दादा. मले पाहाले आले तवा तुमीच सांगितलं होतं, चिवडा माह्या हातचा हाय म्हणून. बाजारातून कोणं आणला होता?" मामांनी ताटली परत उचलली. नितेशची आई भगवंतरावांकडे वळली. "बरं, हे जावयाले शिकवाल काय?"

'जावई' हा शब्द मायाताईंनी अचूक पकडला आणि त्या साखर आणायला धावल्या. भगवंतरावांनी मात्र नितेशला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. डेपोत नवीन आलेल्या हेल्परला ते असेच न्याहाळत असणार.

"पयले हात धू," ते म्हणाले.