वल्हांडणाची खोकी

वल्हांडणाचा सण आला की आम्ही महाड-पोलादपूरकडच्या अडचणीतल्या यहुदी घरांना सामान पोचवतो. तांदूळ, खजूर, तेल, बटाटे आणि मुंबईहून आलेल्या बिनखमिराच्या पोळ्या. खोकी वाटून संपतात, किस्से मात्र साठतच जातात! आम्ही म्हणजे मी, रिबकाबाई आणि टेम्पोवाला सलीम. नियम एकच, घेणाऱ्याची मान खाली जाता कामा नये. म्हणायला सोपं आहे हो.

*

पहिल्या वर्षी सलीमने पोळी चाखली आणि तोंड वाकडं केलं. "काकू, ह्या अर्ध्याकच्च्या राहिल्यात काय?"

मी सांगितलं, आमचे पूर्वज मिसरमधून घाईत निघाले, पीठ फुगायला वेळच नव्हता.

"मूसा नबींची गोष्ट ना? आमच्यातपण हाय. पण काकू, आता कोण मागं लागलंय? आता तरी निवांत भाजा की!"

*

बाजारपेठेतले एक शेठ आम्हाला तांदूळ देतात. मनाचा राजा माणूस. एकदा "सणाला नुसता भात काय!" म्हणून आम्हाला न सांगता प्रत्येक खोक्यात टोस्टचा पुडा घातला! टोस्टात खमीर, आणि या सणात ते घरात ठेवणंसुद्धा चालत नाही. चवदार तळ्याजवळ रिबकाबाईंच्या ओट्यावर सगळी खोकी पुन्हा उघडली. टोस्ट परत देऊन शेठचं मन मोडवेना, म्हणून सण लागायच्या आत आळीतल्या सगळ्यांना रोज चहाला बोलवत सुटलो.

तिसऱ्या दिवशी शेजारीण दारातूनच म्हणाली, "येते बाई, पण आज नुसता चहा!"

*

नाते गावात दोन भाऊ, घराला घर लागून, पण बोलणं बंद. थोरला म्हणाला, "धाकट्याला द्या, त्याची पोरं लहान हायत." धाकटा म्हणाला, "दादाला द्या, त्याला यंदा काम नाय." खोकं तीनदा इकडून तिकडं!

शेवटी रिबकाबाईंनी ते मधल्या बांधावर ठेवलं. "जड आहे. दोघांनी मिळून उचला."

उचललं की हो!

*

पोलादपूरच्या वरच्या वाडीत दीनाआजी एकट्या राहतात. "आमच्यात फुकट घेत नाय," हा त्यांचा बाणा. त्यावर एक वाट निघाली होती. सणाआधी घरातलं खमिराचं सगळं, पाव, बिस्किटं, पीठ, दुसऱ्या धर्माच्या माणसाला देऊन टाकायची रीत आहे. आजी ते सलीमला देत आणि मगच खोकं घेत. देवाणघेवाण झाली, विषय संपला!

गेल्या वर्षी आजी दार अडवून उभ्या. "खोकं परत न्या. यंदा सलीमला द्यायला काय नाय."

मी आत पाहिलं. फळीवरचे सगळे डबे धुऊन पालथे घातलेले.

सलीम टेम्पोपर्यंत जाऊन आला, उंबऱ्याशी वाकला आणि बिस्किटांचा अर्धा पुडा घेऊन उठला. "आजी, ह्यो तुमचा इथं खाली राहिला बघा."

पुडा त्याचाच होता. वाटेत त्यातलीच दोन बिस्किटं मी खाल्ली होती.

आजींनी पुडा हातात घेतला. आधी पुड्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. पदराने पुसला आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरला.

"घे रे बाबा. सणाला घरात नको."

मग दारातून बाजूला सरल्या. "आता आण खोकं आत."