डोळे मिटून पाडलेलं भोक

इंग्रज अमदानीत अकोल्याच्या एका कापसाच्या जिनातल्या लिलावातून मी भोकं पाडायचं हातचाकाचं यंत्र आणलं आणि दिसेल त्या लाकडावर तुटून पडलो. एकदा एक अनोळखी म्हातारा एकतारी घेऊन माझ्या सुतारकामाच्या दुकानात आला. खुंटीचं भोक फाटलं होतं. संध्याकाळच्या भजनाआधी त्याला शेजारी नवं हवं होतं.

मी ऐटीत सगळ्यात जाड गिरमिट लावलं. म्हाताऱ्याने खुंटी गिरमिटाशेजारी धरली. "यात खुंटी नाई, माहा अंगठा बसन!"

बारीक गिरमिट त्यानेच निवडलं. मग एकतारीचा दांडा दोन्ही हातांनी धरून डोळे गच्च मिटले.

"डोळे काहून मिटले, बुवा?"

"तुमच्याकडं पाहून भेव लागते, बापू. फिरवा तुमी."

मी चाक फिरवू लागलो. एकाएकी तो ओरडला, "थांबा! आवाज बदलून राहिला. खालून लाकूड फाटन!"

खरंच, गिरमिटाचं टोक खालून जेमतेम डोकावत होतं. दांडा उलटवून उरलेलं भोक मी त्या बाजूने पाडलं. खुंटी घट्ट बसली. तार छेडून तो हसला आणि नाव न सांगताच गेला.

तेव्हापासून चाकाच्या शेवटच्या फेऱ्यांना मीही डोळे मिटतो. मला काहीच ऐकू येत नाही. गिऱ्हाईक मात्र देवाचं नाव घेऊ लागतं.